लालसूचा चेहरा

"नाक असं नाई," बुधरी म्हणाली. "अजून बसकं पाहिजे."

रिनानं ओल्या मातीवर अंगठा दाबला. बुधरी मान वाकडी करून बघत राहिली. मग तिनं स्वतःच हात पुढं केला आणि हनुवटीवर नखानं खोल रेघ ओढली.

"इथी त्याले लागलं होतं. बैलाचं शिंग."

एटापल्लीच्या पलीकडच्या या गावात रिना पावसाळा संपल्यापासून येत होती. ती चिमूरची, मातीची शिल्पं करणारी. नवरा संघपाल आर्किटेक्ट. समुद्राकाठच्या एका शहरात दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, बिएनालेत, दोघांची मिळून निवड झाली होती. संघपाल तिथं बांबू आणि मातीची खोली उभारणार होता. वाकूनच आत शिरता येईल अशी, इथल्या घरांसारखी. खोलीत एकच गोष्ट असणार होती. घरी न परतलेल्या एका पोराचं मस्तक.

ते पोरगं म्हणजे बुधरीचा लालसू. जंगलतोडीचं काम घेतलेल्या ठेकेदाराच्या माणसांनी गावातल्या एकाला मरेस्तोवर मारलं, ते लालसूनं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो दिसला नाही. ठेकेदाराची माणसं बाहेरची. त्यांना त्याचं नाव ठाऊक होतं, चेहरा नाही. काही दिवस त्यांनी गावात फोटो मागितला, कुणी दिला नाही. मग ती माणसंही यायची थांबली. त्यालाही कुठंतरी मारून टाकलं असणार, असं रिनाला सगळ्यांनीच सांगितलं.

बुधरीच्या घरातही त्याचा फोटो नव्हता. शाळेतला एक होता, तो उंदरांनी खाल्ला म्हणे.

रिनानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा बुधरीनं साफ नाही म्हटलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी तीच रिनाला शोधत आली.

"तुह्या त्या जागी लोक येतेत काय?"

"लई येतेत, मावशी. पेपरात येते, टीव्हीवर येते."

"मंग कर," बुधरी म्हणाली. "पन मी सांगीन तसाच."

आणि ती सांगत गेली. गाल भरलेले. कपाळ अरुंद. भुवया जाड, मधे जुळलेल्या. जरा इकडंतिकडं झालं की मोडायला लावायची.

"तिले इतकं बारीक आठवते," रिना घरी संघपालला म्हणाली, "अन् मी ते उचलून शहरात नेऊन राह्यलो. मले बरं नाई वाटत."

"तिनंच हो म्हटलं ना?"

"म्हणूनच."

मस्तक भाजून निघालं तेव्हा बुधरीनं ते दोन्ही हातांत धरलं. सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं.

"असाच होता माहा लालसू."

रिनाला रडू आलं. बुधरी रडली नाही.

बिएनालेत त्या खोलीपुढं रांग लागायची. लोक वाकून आत जात आणि गप्प होऊन बाहेर येत. एका वर्तमानपत्रानं मस्तकाचा फोटो पहिल्या पानावर छापला, खाली लालसूचं नाव आणि आईच्या आठवणीतून घडलेला चेहरा, अशी ओळ. रिना मुलाखती देत होती. लोक अभिनंदन करत होते. तिला मात्र नीट झोप लागत नव्हती.

तिथून परतल्यावर काही दिवसांनी संघपाल बांबूच्या कामासाठी वडशाला गेला. तिथून त्याचा फोन आला.

"रिना, इथं स्टँडवर आपलं मस्तक लावलं आहे."

"म्हणजे?"

"पोस्टर. आपल्या मूर्तीचा फोटो. 'हा इसम दिसल्यास कळवा.' खाली नुसता मोबाईल नंबर. नाव नाई कोनाचं."

नंबर ठेकेदाराच्या माणसांचाच, हे रिनाला लगेच कळलं. ते अजून शोधत होते. म्हणजे लालसू जिवंत होता. आणि ज्या पोराचा चेहरा त्यांच्यापाशी नव्हता, तो तिनं आपल्या हातानं घडवून त्यांना दिला होता.

सकाळी पहिल्याच गाडीनं ती निघाली. बुधरी अंगणात धान पाखडत होती. रिनानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही.

"कुठी कुठी लावलं?" बुधरीनं विचारलं.

"वडशाले. गडचिरोलीले. एटापल्लीच्या चौकातबी आहे, मी आता पाहून आलो."

"बरं."

"बरं काय, मावशी? त्यायनं ओळखलं तं मारून टाकतीन त्याले. माह्यामुळे!"

बुधरीनं सुपातला एक खडा वेचून टाकला. रिना तिच्यासमोर खाली बसली. येताना गाडीत तिनं ठरवलं होतं.

"मी उद्या चंद्रपूरले पेपरवाल्यायले बोलावतो. सांगतो, का हा लालसू नाईच. मी मनानं बनवला अन् तुहं नाव उगाच घेतलं. प्रदर्शनातून काढून टाकतीन, मले खोटी म्हणतीन. म्हणू दे. पन मंग त्या चेहऱ्यामागं तरी कोनी नाई लागनार."

सूप बुधरीच्या हातातून सुटलं. धान अंगणभर सांडलं.

"नको," ती म्हणाली. "तसं नको सांगू कोनाले. पाया पडतो तुह्या."

"काऊन, मावशी?"

बुधरी तिच्याकडं बघत राहिली. मग रस्त्याकडं. मग उठून तिनं अंगणाचं फाटक लावून घेतलं आणि दाराशी जाऊन हळूच हाक मारली.

"लालसू, ये बाहेर. बाई आपली आहे."

आतल्या अंधारातून एक पोरगा वाकून बाहेर आला. त्याचं नाक सरळ होतं, हनुवटीवर व्रण नव्हता. हा चेहरा रिनानं याआधी कधीच पाहिला नव्हता.