पवित्र गुरुवारची जोडी

“पाय पुढे करा, जाऊबाई,” म्हणत सुवार्तानं घंगाळापुढे गुडघे टेकले.

नाताळात तिनं माझ्या करंज्यांना दगड म्हटलं, तेव्हापासून आमचा अबोला होता. म्हणूनच त्या पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीत, चर्चमध्ये पाळकांनी एकमेकींचे पाय धुवायला आमचीच जोडी लावली. मी टाचा सकाळीच खसाखसा घासून आले होते.

पाय धुऊन, पुसून झाले तरी ती बसूनच राहिली. तिची नम्रता पाहून मंडळी भारावली.

“ऊठ आता,” मी कुजबुजले.

“गुडघा अडकलाय हो!”

तिला ओढून उभी केली, तोच माझ्या कंबरेत उसण भरली. दोघी गळ्यात गळा घालून तशाच अडकलो. ते प्रेम पाहून पाळकांनी डोळे पुसत गीत सुरू केलं.

तिसऱ्या कडव्याला ती कानात म्हणाली, “चुकलं माझं.”

“माझंही,” मी म्हणाले, “पण सोडू नकोस.”