बस अजून आली नाही

२००७ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समध्ये भर दुपारी असा काही बर्फ कोसळायला लागला, की शाळांनी मुलांना लवकर घरी सोडलं. उपासनाची पहिलीतली रेणू मात्र अंधार पडला तरी घरी आली नव्हती.

उपासनाने शाळेत फोन केला. "आम्ही वेळेत सोडलं, रस्ते साफ करणं टाउनचं काम आहे," तिथल्या बाई म्हणाल्या. टाउनच्या, म्हणजे गावपालिकेच्या ऑफिसातून उत्तर आलं, "शाळेने आज सुट्टीच द्यायला हवी होती."

नवरा विवेक हायवेवर अडकला होता. तो फोनवर ओरडला, "सगळी चूक त्या ड्रायव्हरची आहे यार! कुठे नेऊन घातली बस?"

रस्त्याकडेच्या खड्ड्यात कलंडलेली पिवळी बस उपासनाच्या डोळ्यांपुढून हलेना.

तेवढ्यात बेल वाजली. दारात बर्फाने माखलेली बसची ड्रायव्हर उभी होती आणि तिच्या कडेवर, तिच्याच कोटात गुंडाळलेली रेणू. बस चढावर रुतली, तेव्हा बसमध्ये एकटी रेणूच उरली होती. तिला उचलून ती बाई चालत आली होती.

उपासनाने लेकीला ओढून छातीशी धरलं आणि मग तिचा बांध फुटला. "इतका वेळ कुठे होतात तुम्ही? एक फोन करता येत नव्हता?"


"माझ्या फोनची बॅटरी संपली," ड्रायव्हर थरथरत म्हणाली. "तुमचा देता जरा? माझी मुलगी दुसऱ्या बसमध्ये आहे. ती घरी पोचली का, तेवढं विचारते."