चकचकीत बाजू
हैदराबादहून टपालानं नवी सीडी आली होती. मुधोळला आमच्या ओसरीवरच्या क्लासातल्या एकुलत्या कॉम्प्युटरवर उद्याच्या परीक्षेआधी लिनक्सची नवी आवृत्ती चढवायची होती. क्लास शिकवणारे चंपतराव सर म्हणाले होते, “डीपीकेजीची कमांड देऊन एकेक पॅकेज चढव. अडलं तर तेवढंच अडंल.” मी घाईनं ॲप्टला, म्हणजे सगळी पॅकेजं आपणहून चढवणाऱ्या प्रोग्रामला, सगळं एकदमच बदलायला सांगितलं. जुनं काढून टाकून ते नवं चढवताना मध्येच अडकलं; सीडी वाचता येईना. बाहेर काढली तर कॉम्प्युटर वाचतो त्याच चकचकीत बाजूवर कुंकवाचं बोट. सदऱ्यानं घासलं, चरे पडले. पडद्यावर पुन्हा तेच: सीडी घाला. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. “चालून राह्यलं ना? सकाळीच पूजा केली म्या सीडीची. अक्षरांवर कुंकू लावू नाई, म्हून कोऱ्या बाजूनं लावलं.” “चालून राह्यलं,” मी म्हणालो आणि पुन्हा एंटर दाबलं.