बसलेला घसा

ताईने वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं, ‘घसा पार बसलाय. शब्द फुटत नाही,’ आणि ते दिग्दर्शकाच्या हातात ठेवलं.

त्याने ते दोनदा वाचलं. “तीन तासांवर पहिला प्रयोग आलाय, ताई! ऐंशीच्या ऐंशी खुर्च्या भरल्यात. आता मी लोकांना काय तोंड दाखवू?”

ताईने गळ्याभोवतीचा मफलर घट्ट केला आणि विंगेतल्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

तिथे कुजबुज बसली होती. नाट्यगृहाची प्रॉम्प्टर. नटांना विसरलेली वाक्यं हळूच पुरवायचं काम ती एकोणीस वर्षं करत होती. त्यातूनच हे नाव पडलं. ती आणि ताई नटी व्हायला एकाच दिवशी इथल्या पायऱ्या चढल्या होत्या. एकीला रंगमंच मिळाला, दुसरीला स्टूल. तरी दोघींचा डबा आजही एकच असायचा.

“मी?” कुजबुज ताडकन उठली. “वेड लागलंय का तुला?”

ताईने लिहिलं, ‘तुला सगळं पाठ आहे.’

“पाठ असणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं.”

‘मग उभी राहा.’

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. दुसरा इलाजच नव्हता. “आणि प्रॉम्प्टिंग कोण करणार?”

“नाटकाची वही ताईला द्या,” कुजबुज म्हणाली. “मला काही लागायचं नाही.”

“मुकी प्रॉम्प्टर! धन्य आहे,” तो पुटपुटला.

ताईचा झगा कुजबुजला दोन बोटं लांब झाला. ताईनेच गुडघ्यावर बसून तो टाचून दिला.

नाटक होतं दोन मैत्रिणींचं. तीस वर्षं एकत्र लाँड्री चालवणाऱ्या. त्यातली एक आता लेकीकडे, दूर देशी कायमची निघालेली. कुजबुजची भूमिका मागे राहणारीची.

पडदा वर गेला. पहिली दोन वाक्यं कापरी आली. तिसऱ्याला प्रेक्षक हसले. तालमीत ताईला त्या वाक्यावर कधी हशा मिळाला नव्हता. चादरीची घडी घालताना दोघींची भांडाभांडी झाली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळ्याला पदर लावला.

स्टुलावर बसलेल्या ताईचा ऊर भरून आला. ‘माझी मैत्रीण आहे ती,’ असं उठून सगळ्यांना सांगावंसं तिला वाटलं. वही मांडीवर मिटलेलीच राहिली.

मग शेवटचा प्रवेश आला. जाणारीने बॅग उचलली, दाराशी गेली, वळून पाहिलं. आता कुजबुजचं वाक्य.

ते आलंच नाही.

प्रेक्षागृहात कोणीतरी खोकलं. जाणारीने बॅग या हातातून त्या हातात घेतली. समोरच्या विंगेतून दिग्दर्शक हातवारे करत होता. ताईने घाईघाईने वही उघडली, ओळीवर बोट ठेवून ती उंच धरली. पण त्या अंधारात कोणाला काय दिसणार?

कुजबुज सावकाश चालत ताईच्या विंगेपाशी आली आणि प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली. रडू लपवत असेल असंच लोकांना वाटलं. एकोणीस वर्षांचं तिचं स्वप्न आता पाण्यात जाणार होतं. ताईने मफलर ओढून काढला.

“जा,” ती हळूच म्हणाली. “पण दार तू ओढू नकोस. मी लावते.”

प्रत्येक अक्षर स्वच्छ, कुठे खरखर नाही.

कुजबुजच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूणही नव्हती. ओठ जेमतेम हलवत, फक्त ताईला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “सुटला का गं घसा, नाटकी कुठली?”