अकरा जणींतली एक

कारखान्याचे मॅनेजर हॅलपिनसाहेब यांनी चिठ्ठी टेबलावर उलटी ठेवली आणि असम्प्टाकडे पाहिलं.

"तुमच्या फुटबॉलवाल्या अकरा जणींपैकी एकीचं लग्न झालंय म्हणे. नाव नाही, सही नाही. पण डब्लिनला मालकांनाही हीच चिठ्ठी गेलीय."

असम्प्टाने चिठ्ठीकडे पाहिलं. "असल्या निनावी चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा, साहेब?"

"मी एकवेळ ठेवला नसता. मालक विचारतायत." साहेब तसा वाईट माणूस नव्हता, पण नियमापुढे त्याचं काही चालत नसे. "शुक्रवारपर्यंत त्या मुलीने स्वतः येऊन सांगावं आणि काम सोडावं. मग रविवारचा सामना खुशाल खेळा. नाही आली, तर क्लब बंद."

शर्टांच्या त्या कारखान्यात लग्न झालं, की बाईने मशीन सोडायचं. मैत्रिणी केक आणायच्या, फादर आशीर्वाद द्यायचे आणि सोमवारी तिच्या खुर्चीत दुसरी पोरगी बसलेली असायची. आयर्लंडमधल्या डंडॉकमध्ये त्या काळी त्यावर कुणी वाद घालत नसे.

क्लबवर मात्र भरपूर वाद झाले होते. पोरींनी अर्ध्या चड्डीत धावायचं म्हणजे काय, असं फादरनी भर चर्चमध्ये विचारलं होतं. असम्प्टा तरी दारोदार फिरली, एकेका आईच्या हातापाया पडली आणि फेब्रुवारीत स्वतःला धरून कशाबशा अकरा जणी जमवल्या. कारखान्यामागची चिखलाची जागा त्यांनी स्वतः साफ केली. रविवारी लीगमधला पहिला सामना होता. क्लब म्हणजे तिचा जीव की प्राण झाला होता.

जेवणाच्या सुट्टीत तिने सगळ्यांना गोळा केलं आणि साहेबांचा निरोप सांगितला.

"अगं बाई! आपल्यात नवरी?" गोरेट्टी ओरडली. ती आघाडीला खेळायची आणि बोलण्यातही सगळ्यांच्या पुढे असायची. "कोण गं ती? आम्हाला केकसुद्धा नाही दिलास!"

कुणी हसलं नाही.

"पण लपून करणार कसं?" गोरेट्टीच म्हणाली. "लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारतात. गावातल्या कुत्र्यामांजरांनाही कळतं."

"लिव्हरपूलला जाऊन करतात हल्ली," मागून कुणीतरी म्हणालं. "बोटीने जायचं, लग्न करायचं, परत येऊन गुपचूप मशीनवर बसायचं."

झालं! सगळ्यांच्या माना डर्विलाकडे वळल्या. डर्विला त्यांची गोलरक्षक, अबोल पोरगी. ईस्टरला ती लिव्हरपूलला जाऊन आली होती.

"माझ्याकडे काय बघताय? बहिणीचं बाळंतपण होतं."

"हो का?" गोरेट्टी म्हणाली, "आणि गळ्यातल्या साखळीत काय लपवतेस गं?"

डर्विलाने साखळी बाहेर ओढली. "आईची अंगठी आहे. आई गेली तेव्हा दिली मला. बघायचीय?"

"पुरे!" असम्प्टा एवढ्या जोरात म्हणाली, की सगळ्या गप्प झाल्या. "कुणी कुणाला विचारायचं नाही. जिला जायचंय ती जाईल."

पुढचे दोन दिवस असम्प्टाचं कामात लक्ष नव्हतं. चार कॉलर तिने उलट्या शिवल्या. हॅलपिनसाहेबांच्या दारापर्यंत ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा तशीच परत फिरली.

गुरुवारी सराव संपल्यावर डर्विला मागे थांबली. "क्लब बंद झाला तर काय करशील?"

"पुन्हा उभा करेन."

"आणि नोकरी गेली तर?"

असम्प्टा चिखलातले चेंडू गोळा करत राहिली.

शुक्रवारी अकराच्या सुमारास डर्विलाने मशीन बंद केलं, ॲप्रन सोडला आणि ती सरळ ऑफिसात गेली. पाच मिनिटांत बाहेर आली.

"मीच ती," एवढंच म्हणाली आणि कोट घ्यायला वळली.

गोरेट्टीला रडू फुटलं. "बोलायचंस तरी गं! मी काय काय बोलले तुला!"

असम्प्टाचा जीव भांड्यात पडला आणि त्या क्षणी तिला स्वतःची लाजही वाटली. म्हणजे डर्विलानेही तेच केलं होतं, जे चिठ्ठीत लिहिलं होतं! तिने विश्वास ठेवला. सगळ्यांनीच ठेवला.

रविवारी पॅकिंगमधली एक पोरगी गोलमध्ये उभी राहिली. पोस्टातल्या पोरींच्या संघाने त्यांना तीन-दोनने हरवलं. पण अकरा जणी उतरल्या, नव्वद मिनिटं धावल्या आणि कुंपणापलीकडे सायकलला टेकून फादरही शेवटपर्यंत बघत होते.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत असम्प्टा धावत स्टेशनवर गेली. डर्विला एका पेटीवर एकटीच बसली होती. लिव्हरपूलच्या बोटीसाठी डब्लिनची गाडी पकडायची होती. असम्प्टाने तिच्या हातात एक नंबरची जर्सी ठेवली. सगळ्यांनी जर्सीवर सह्या केल्या होत्या.

"गोरेट्टीने दोनदा केलीय," डर्विला म्हणाली.

"ती अजून रडतेय." असम्प्टाने पेटीकडे पाहिलं. "तिकडे नवरा येईल ना न्यायला?"

"माझा?" डर्विला हसली. "कुठून आणू? बहीण येईल."

असम्प्टा बघतच राहिली. गाडी फलाटाला लागली होती. डर्विला पेटी उचलून डब्यात चढली.

"मग शुक्रवारी तू..."

"मी एकटा जीव गं. कुठेही पोट भरेन."

गार्डने दार लावलं. डर्विलाने खिडकीची काच खाली केली, फलाटावर कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि हळूच विचारलं, "पण तुझ्या नवऱ्याला लागलं का गं कुठे काम?"