डावा तळहात

लहानपणी निलंग्याच्या मठात स्वामींनी माझ्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, तेव्हा गारवा खांद्यापर्यंत चढला होता. रोजची पूजा आजवर त्याच हातावर. स्तनाचा कॅन्सर बरा होऊन बारा वर्षं झाली. "तेव्हाच्या रेडिएशननं काखेतली नस आवळत गेली, आजी. आता सुटायची नाही," डॉक्टर म्हणाले. डावा हात सुजलाय, बोटं बधिर. काल लिंग निसटलं. पदरात पडलं म्हणून वाचलं. आज हातावर घ्यायचं धाडस होईना. "उजव्या हातावर घे की," हे म्हणाले. "देव काय हात बघून राहिला?" मी म्हटलं, "मग तुम्ही डाव्या हातानं जेवा." सून शिवकन्या हसली. जवळ येऊन तिनं माझ्या तळहाताखाली आपला तळहात धरला. मी लिंग ठेवून पाणी घातलं. ते बोटांतून तिच्या हातावर ओघळलं. मी विचारलं, "गार लागतं का गं?"