खुनी कोण ते

"सांगू का खुनी कोण ते?" मध्यंतरात पॉपकॉर्नचा बकाणा भरत श्रीरंगनं विचारलं.

कॉलेजपासून या मित्रानं मला एकाही रहस्यपटाचा शेवट सुखानं बघू दिलेला नाही. कुठूनतरी आधी माहिती काढायची आणि स्वतःच ओळखल्याचा आव आणायचा. हा सिनेमा कालच लागला, आणि पहिला खेळ मी मुद्दाम एकटीनं बघून आले. आज सकाळी फोनवर त्यानं लाडीगोडी लावली, "सांग ना गं, कोणाला कळणारेय?" मी सांगून टाकलं, "डॉक्टर."

"डॉक्टरच!" त्यानं अख्ख्या रांगेला ऐकवलं. "नाही निघाला तर अर्धी मिशी उतरवीन!" त्याची होणारी बायको कौतुकानं बघत राहिली.

सिनेमा पुन्हा सुरू झाला आणि पाचच मिनिटांत डॉक्टरचाच खून झाला. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, मिशी!" अख्खी रांग खिदळली. सगळ्यात मोठ्यानं हसली ती त्याची होणारी बायको.

"तू तर बघितलायस ना?" श्रीरंग माझ्या कानाशी फिस्कारला.

"हो तर." त्याच्या मांडीवरचे पॉपकॉर्न मी माझ्याकडे ओढले. "आता गप्प बस. शेवट फार छान आहे."